बोरकरच्या फंक्शनला हाक

लहान ऑफिसात किस्से फार साठतात. मोठ्या ऑफिसात ते एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाताना हरवत असतील, आमच्याकडे दोन खोल्या आणि एक बाल्कनी, जाणार कुठे? चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये खाली कोचिंग क्लास, वर आम्ही. परदेशातली सॉफ्टवेअरची कामं तेव्हा नुकतीच आमच्यापर्यंत झिरपायला लागली होती. माझ्या नवऱ्याची एअरफोर्समधली बदली झाली म्हणून मी तिथे आले आणि कॉम्प्युटरची सी भाषा येते म्हणून चिकटले. हसवायला म्हणून हे किस्से सांगायला बसते, पण मध्ये बोरकर येतोच. आला की हसवायचं राहून जातं, चालवून घ्या.

*

सतीश बोरकर भुसावळचा. चंदीगडलगतच्या मनीमाजऱ्यात भाड्याने राहायचा. पहिल्या दिवशी टीम लीडर मनजीतने मला काम समजावलं ते असं: "मैडम, मशीन डायरी लिखती है, हम पढ़ते हैं. बस!"

मला काही कळलं नाही. मग बोरकर मराठीत म्हणाला, "ताई, मशीनमध्ये जे जे घडतं त्याची ती नोंद करते, तिला ट्रेस म्हणायचं. आपला प्रोग्राम एकेक घटना वाचत जातो. जिचा अर्थ त्याला माहीत नाही, तिथे नुसते आकडे ओकतो. म्हणून आपण आपलं फंक्शन, म्हणजे त्या घटनेपुरता छोटा प्रोग्राम, लिहायचं आणि प्रोग्रामकडे त्याचं नाव नोंदवून ठेवायचं, की बाबा, ही घटना आली की माझ्या फंक्शनला हाक मार. हलवायाला सांगून ठेवतो ना, समोसे निघाले की आवाज दे, तसं."

हे सगळ्या ऑफिसला इतकं पटलं, की दुसऱ्या दिवशी मनजीतने कॅन्टीनवाल्याला फोन लावला. "राजमा बने तो मेरा नाम रजिस्टर कर ले!"

*

एकदा मी आणि मनजीतने, एकमेकांना न विचारता, एकाच घटनेसाठी आपापलं फंक्शन नोंदवलं. प्रोग्राम भांडत नाही. तो शेवटी आलेल्याला ठेवतो आणि आधीच्याला गुपचूप काढून टाकतो. शेवटी आले होते मी. बिचारा मनजीत दिवसभर आपल्या फंक्शनमध्ये चूक शोधत होता. पगडी सैल झाली, तीन चहा झाले, चूक सापडेना. असती तर सापडणार ना!

संध्याकाळी बोरकरने त्याला दाखवलं. मनजीत माझ्याकडे वळला. "मैडम, मेरी कुर्सी पे बैठ के मुझसे ही कुर्सी ढुंढवा रहे हो?"

बोरकर हसून हसून खाली बसला आणि त्याला उठता येईना. आम्हाला तीही थट्टाच वाटली.

*

मग बोरकरच्या तपासण्या झाल्या. मोठ्या हॉस्पिटलात आमच्या मराठी मंडळातल्या एक डॉक्टर होत्या, त्यांनी सगळं लवकर करून दिलं. तिथून बोरकर सरळ ऑफिसात आला, बॅग ठेवली आणि म्हणाला, "रक्ताचा कॅन्सर आहे. चहा सांगितलाय का?"

मनजीतने चहा सांगितला. एक कप जास्तच सांगितला. तो कोणी प्यायला नाही.

*

वैशाली, म्हणजे बोरकरची बायको, दुपारी मला फोन करायची. "जेवले का ते?"

"जेवले."

"किती?"

मी रोज एक पोळी वाढवून सांगायची. एकदा ती फोनवर भडकलीच. "औषधं चालू असताना माणूस घरी पडून राहतो. हे उठून तिथे! काय करतात विचारलं तर म्हणतात, फंक्शन लिहितो. दिवस थोडे राहिलेत हो ताई, तेही तुम्हालाच द्यायचे का? माझ्यापेक्षा असं काय आहे तिथे?"

फोन ठेवून मी बाल्कनीत जाऊन रडले.

*

मनजीतला वाटलं, यावर तोडगा आहे. त्याने ऑफिसचा कॉम्प्युटर उचलला. तो भला थोरला मॉनिटर मांडीवर घेऊन मी स्कूटरवर मागे, सीपीयूचा डबा त्याच्या पायाशी, अशी आमची वरात मनीमाजऱ्याच्या गल्लीत शिरली. लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते.

वैशालीने दार उघडलं. "सुट्टी द्यायची सोडून ऑफिसच घरी आणलंत?"

"भाभीजी, वो घर पे आराम से…"

"वापस ले जाइए."

त्या घरून बिनचहाचं परतायची माझी ती एकच वेळ. सगळं ओझं घेऊन आम्ही परत! दुसऱ्या दिवशी बोरकर ऑटोने हजर. "मॉनिटरला फिरवून आणलंत म्हणे?"

*

परदेशी पाहुण्यांसमोर आमचा प्रोग्राम कोसळला तो किस्सा मनजीत सगळ्यांना सांगतो, फक्त शेवट सोडून. तो शेवट असा.

फंक्शन कोडच्या ज्या तुकड्यात असतं तो तुकडा मेमरीतून काढायच्या आधी त्याची नोंदणीही रद्द करायची असते. नाही केली, तर प्रोग्राम जुन्या पत्त्यावर हाक मारत जातो, तिथे कोणीच नसतं, आणि सगळं बंद पडतं. ही चूक बोरकर कधीच करत नसे. त्या आठवड्यात त्याने केली.

मनजीत पुढे झाला. "माय मिस्टेक, सर!" पाहुण्यांनी मान डोलावली आणि जेवायला गेले.

बोरकर खुर्चीतून म्हणाला, "गेलो, पण नाव काढायचं राहिलं. होतं असं."

आमच्यातलं कोणी हसलं नाही. तोच एकटा हसला.

*

उन्हाळा लागता लागता तो गेला. शेवटच्या शुक्रवारपर्यंत ऑफिसात येत होता.

*

भुसावळला परत जायच्या आधी वैशाली एकदा ऑफिसात आली. बसली नाही. म्हणाली, "मला फक्त बघायचंय, काय करत होते ते इथे."

मनजीतने बोरकरची खुर्ची पुसली, तिला बसवलं, आणि ट्रेस चालवला. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. ती नुसती बघत होती. मग जी घटना आली की बोरकरच्या फंक्शनला हाक जाते, तिची पाळी आली. आमच्या टेस्टिंगच्या कॉपीत त्याचं फंक्शन सुरू होताना एक ओळ छापायचं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. आम्हाला ती इतकी सवयीची झाली होती, की आम्ही ती वाचतच नव्हतो.

वैशालीने वाचली. आधी ओठांतल्या ओठांत, मग मोठ्याने.

"आलो गं वैशू, आलो."

तिने मनजीतकडे पाहिलं. "ये कब आता है?"

"भाभीजी, हमने नहीं… मतलब, प्रोग्राम जब उसके फंक्शन को बुलाता है, तब आता है. हर बार."

"हर बार?"

"हर बार."

तिने पदराने चष्मा पुसला, परत घातला, आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

"तो फिर बुलाइए."