एका सीटवर दोघं: बर्फातली एटीव्ही

मी राहते त्या प्लेनोत मनासारखा बर्फ मिळत नाही, म्हणून जानेवारीतल्या लाँग वीकेंडला मी फ्रीमाँटला धाकट्या बहिणीकडे, गौरीकडे गेले. तिच्या नवऱ्याने, समीरने, सगळं बुक करून ठेवलं होतं. एक रात्र डोंगरातल्या केबिनमध्ये राहायचं आणि दुसऱ्या दिवशी बर्फात एटीव्ही, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार जाड चाकांची उघडी गाडी, चालवायची. फोटो बघायला आला असाल तर आधीच सांगते, या पोस्टमध्ये फोटो नाहीत. राग मात्र भरपूर आहे, आणि तुम्हीही जाणार असाल तर तो वाचून जा.

शनिवारी सकाळी निघालो. सॅक्रामेंटोच्या पुढे घाट लागतो आणि बर्फ पडत असला की गाड्या थांबवून चाकांना साखळ्या लावायला सांगतात. त्या घरूनच न्या, वाटेत फार महाग पडतात. जीन्स घालून जाऊ नका. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि पाय गारठतात. बरोबर घेतलेल्या गुळपोळ्या गाडीतच संपल्या. केबिनच्या खिडकीतून देवदारांवरचा बर्फ बघत चहा प्यायलो, तेवढी संध्याकाळ खरंच छान गेली.

रविवारी सकाळी एटीव्हीवाल्यांच्या ऑफिसात गेलो. आमच्या तीन एटीव्हींपैकी एक सुरूच होईना.

"दोघं एकीवर बसा," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "छोटाच राउंड आहे. सगळे बसतात."

गाडीच्या मडगार्डवर मोठ्या अक्षरांत स्टिकर होतं की चालवणाऱ्याशिवाय कोणालाही बसवू नका. मी त्याला ते दाखवलं.

"ते कंपनीला लिहावंच लागतं," तो म्हणाला.

"आपण आळीपाळीने चालवू," मी समीरला म्हटलं.

"ताई, यार, एवढ्या लांब आलोय. हळू चालवतो ना."

गौरीने एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या मागे बसली.

या गाडीचा तोल बराचसा चालवणारा अंग कुठे झुकवतो त्यावर असतो. डोंगराच्या कडेने तिरकं जाताना त्याला चढाच्या बाजूला झुकावं लागतं. मागे कोणी चिकटून बसलं की झुकायला जागाच उरत नाही. हे मला नंतर वाचून कळलं. ते आम्हाला ऑफिसात सांगायला हवं होतं. तिथे सांगितलं ते एवढंच, की हा अॅक्सिलरेटर, हा ब्रेक, गाइडच्या मागे या.

गाइड दुसऱ्या ग्रुपलाही घेऊन पुढे होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. झाडं संपली तिथे वाट उताराच्या कडेने जात होती. वर भुसभुशीत बर्फ आणि खाली काचेसारखा गुळगुळीत थर. समीरच्या गाडीची मागची चाकं घसरली, त्याने घाबरून ब्रेक दाबला आणि गाडी सावकाश, अगदी माझ्या डोळ्यांदेखत, दरीच्या बाजूला कलंडली. समीर बाजूला फेकला गेला. गौरी खांद्यावर आपटली आणि तिचा पाय गाडीखाली आला.

आम्ही दोघांनी गाडी उचलून तिचा पाय सोडवला. बर्फ मऊ होता म्हणून पाय वाचला. हात मात्र तिला हलवता येईना.

"ताई, खूप थंडी वाजतेय," ती म्हणाली.

फोनला रेंज नव्हती. समीर इतका घाबरला होता की त्याला गाडीवर बसवण्यात अर्थ नव्हता. मी माझं जॅकेट तिच्या अंगावर टाकलं, त्याला तिला धरून बसायला सांगितलं आणि स्वेटरवरच गाइडच्या चाकांच्या खुणांवरून निघाले. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता मीही घसरले तर तिला न्यायला कोणीच येणार नाही.

पुढच्या सपाटीवर गाइड दुसऱ्या ग्रुपचे फोटो काढत होता.

"मला वाटलं, तुम्ही मागेच आहात," तो म्हणाला.

ऑफिसशी बोलायचा त्याच्याजवळचा रेडिओ सकाळपासून बंद होता.

त्याला घेऊन मी मागे गेले, आणि आम्ही गौरीला खाली आणून हॉस्पिटलमध्ये नेलं. तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलमधून परतताना मी ऑफिसात गेले. काउंटरवरच्या माणसाने ती कशी आहे हे विचारलंही नाही. "काही झालं तर आमची जबाबदारी नाही, या कागदावर तुम्ही सगळ्यांनी सह्या केल्यात," तो म्हणाला. माझ्या मागे एक कुटुंब हेल्मेट निवडत होतं. मी त्यांच्याकडे वळून, काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. तो मला बाहेर जायला सांगत होता, पण मी सगळं सांगून झाल्यावरच गेले. त्यांच्यातल्या बाईंनी हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि मुलांना घेऊन बाहेर पडल्या.

सोमवारी फ्रीमाँटला आलो. संध्याकाळी समीरच्या आईचा पुण्याहून फोन आला, तेव्हा त्याने स्पीकर लावला.

"काही नाही गं, गौरी बर्फात घसरली जरा."

सोफ्यावर उशांच्या आधाराने बसलेली गौरी शांतपणे म्हणाली, "आई, मी घसरले नाही. हा काय झालं ते सांगेल."

मग समीरने सांगितलं. स्टिकरचं, मी अडवल्याचं, ब्रेकचं, सगळं. गौरीने त्याला मध्ये थांबवलं नाही आणि सावरूनही घेतलं नाही.

त्या ऑफिसवरचा माझा राग अजून तसाच आहे. तक्रार केली आहे. तुम्ही गेलात तर एका गाडीवर एकच माणूस बसवा, गाइडचा रेडिओ सुरू आहे का ते आधी बघा. आणि बरोबरचं कोणी नको म्हणालं, तर तिथेच थांबा.