मामांचा फोन माझ्या हातात होता

ज्या माणसाने मला मायक्रोमीटर धरायला शिकवलं, त्यांना मी मोबाईलवरचा एक गेम शिकवायला घेतला होता. शिकवायचं राहूनच गेलं आणि मी भलतंच करून बसलो. ते कोणाला तरी सांगावं असं बरेच दिवस वाटत होतं.

चाकणच्या एका कंपनीत आम्ही दोघं गुणवत्ता तपासणीला. पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराला आमच्याकडे सगळेच मामा म्हणतात, मीही म्हणायचो. ते मोशीच्या जुन्या गावठाणातले. घरची थोडी शेती सांभाळून त्यांनी सगळी हयात नोकरीत काढली होती. मी तालुक्याच्या गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर, भोसरीत खोली घेऊन राहणारा. माझ्याकडे बी.एस्सी.चं प्रमाणपत्र होतं, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर एकच होता. तो सर धरायचे आणि आम्ही चाळीस जण बघायचो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सरांनी शिकवलं म्हणूनच मी कंपनीच्या दारापर्यंत आलो. दाराच्या आत मात्र मामांनी घेतलं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर लाल क्रेट ठेवला. त्यात नापास झालेले, भंगारात जायचे सुटे भाग होते. म्हणाले, "ह्यातल्या प्रत्येकात काय बिघडलंय, त्ये तू मला सांगायचं. मी न्हाई सांगणार." आठ दिवस मी चुकीचीच मापं घेतली. मामा शेजारी उभे राहायचे, हाताची घडी घालून. एकदाही त्यांनी माझ्या हातातून मायक्रोमीटर घेतला नाही. पलीकडचा एक जण म्हणाला, "मामा, पोरगं रडंल आता, दाखवा की." मामा म्हणाले, "रडू दे. हाताला कळल्याशिवाय डोक्याला कळत न्हाई." नवव्या दिवशी मला कळलं.

पहिल्या पाळीनंतर कंपनीची बस आम्हाला भर दुपारी परत आणायची. मागच्या सीटवर आम्ही चौघं गेम खेळायचो. चौघांची एक टीम. विमानातून उडी मारायची, खाली बंदुका शोधायच्या, आणि शंभर जणांतून शेवटपर्यंत जी टीम उरेल ती जिंकते. मी बरा खेळायचो. बसमध्ये कोणी नवा भिडू आला की त्याला माझ्याकडेच धाडायचे, म्हणून मला 'गुरुजी' नाव पडलं होतं. त्या नावाचा मला अभिमान होता, हे कबूल करतो.

एके दिवशी बस कुरुळीजवळ वाहनांच्या रांगेत अडकली. मामा पुढची जागा सोडून मागे आले.

"गुरुजी, ह्ये आमाला जमंल का?"

मागची सीट हसली. एक जण म्हणाला, "मामा, आधी चष्मा सांभाळा, मग बंदूक."

"तू गप रं. तुला गेज धरता येत न्हाई आन् मला चष्मा शिकवतो."

कारण त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत, कँटीनच्या मागे, मला एकट्याला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलगी आतल्या खोलीत हाच गेम खेळत बसलेली. मामांनी तीन हाका मारल्या. ती आली नाही. मामा आत गेले, तिच्या हातातून फोन घेतला आणि पाहुण्यांदेखत अंगणातल्या गुरांच्या हौदात टाकला. स्थळ तर गेलंच, पण मुलगीही बोलायची बंद झाली. आता ती नाशिकला वसतिगृहात राहून शिकत होती. आईशी रोज बोलायची. मामांनी फोन हातात घेतला की म्हणायची, "अभ्यास आहे," आणि ठेवून द्यायची.

"तिला जे एवढं आवडतं, त्ये हाय तरी काय, बघावं म्हणतो," मामा म्हणाले. "फोनवर बोलत न्हाई. ह्याच्यात तरी बोलंल."

मी मनापासून हो म्हटलं. या माणसाचं काही देणं फेडायची संधी आली, असंच मला वाटलं.

मामांचे अंगठे जाड, वर्षानुवर्षांच्या कामाने चिरलेले. एक बटण दाबायला जावं तर दोन दाबली जायची. पळायचं तिथे बसायचे आणि बसायचं तिथे उडी मारायचे. जमिनीवर उतरल्या उतरल्या कोणीतरी त्यांना गोळी घालायचं. "मेलो बग," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. मागची सीट ओरडायची, "काय मामा, आज किती वेळा मेलात?" मामा बोटं मोजून खरा आकडा सांगायचे.

त्यांना काही वाटत नव्हतं. वाटायचं ते मला. ज्यांच्या नजरेतून केसाएवढी चूक सुटत नाही, त्यांना कोणी हसावं हे मला बघवेना. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी म्हणू लागलो, "द्या मामा इकडे, मी दाखवतो." ते फोन माझ्या हातात द्यायचे आणि बघत बसायचे, जसे आम्ही सरांकडे बघायचो. मग ते बघणंही कमी झालं. पहिल्या पाळीला पहाटे उठलेला माणूस. परतताना खिडकीला डोकं टेकून झोपी जायचा. त्यांचा फोन माझ्या हातात असायचा आणि मी त्यांच्या नावाने जिंकत असायचो.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट झाली होती. बायकोकडून मुलीचं गेममधलं नाव काढून मामांनी तिला गेममधून मैत्रीची विनंती पाठवली होती. चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी तिने ती स्वीकारली. एक शब्द लिहिला नाही, फक्त स्वीकारली. मामांनी तो पडदा बसमधल्या प्रत्येकाला दाखवला. चालकालासुद्धा.

मी मात्र पुढचा विचार करत होतो. तिची रँक, म्हणजे जिंकत गेलं की चढत जाणारी पायरी, फार वरची होती. एवढं अंतर असलं की रँकच्या सामन्यात एका टीममधून खेळता येत नाही. साधे सामने दोघांना कधीही खेळता आले असते, पण ते मला कमीपणाचं वाटलं. आधी मामांची रँक वर नेऊ, मग ती स्वतःच बोलावेल, असं मी ठरवलं. मामांना विचारलं नाही. ते "तुला जास्त कळतं" एवढंच म्हणाले असते.

महिन्याभरात रँक वर गेली. आणि एका दुपारी, बस चिंबळी फाट्याच्या पुढे आली असताना, तिचं बोलावणं पडद्यावर आलं. ते काही सेकंदच दिसतं. मामा शेजारी झोपले होते. मी बटण दाबलं. वाटलं, आता उठवू. तेवढ्यात तिने सामना सुरू केला.

माझ्या कानात इअरफोन होता.

"आप्पा?" ती म्हणाली. मागून दुसऱ्या मुलीचा आवाज आला, "अगं, खरंच तुझे आप्पा? मला वाटलं तू फेकतेस." ती म्हणाली, "गप गं. आप्पा, माइक चालू करा ना."

मी मामांकडे पाहिलं. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. उठवलं तर ते गडबडतील, पहिल्याच मिनिटाला मरतील, तिच्या मैत्रिणी हसतील. मी माइक बंदच ठेवला आणि खेळलो. इतका चांगला मी कधीच खेळलो नव्हतो. मध्ये ती जखमी होऊन पडली. मी गोळ्यांतून धावत गेलो आणि तिला उठवलं. ती हळूच म्हणाली, "आलात? मला वाटलं, सोडून जाल."

आम्ही जिंकलो. मैत्रिणी निघून गेल्या. पडद्यावर दोनच जण उरले, ती आणि मामांच्या नावाचा मी.

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही तीन हाका मारल्या होत्या," ती म्हणाली. "मी ऐकल्या होत्या. मुद्दाम उठले नाही. मला ते स्थळ नको होतं, पण तसं तुम्हाला सांगायला हवं होतं." मग विचारलं, "अजून रागावलाय का?"

गेममध्ये तयार वाक्यं असतात. बोट लावलं की समोरच्याला दिसतात. मी घाबरून त्यातलं पहिलं दिसलं ते दाबलं. 'छान खेळलात!'

ती हसली. "बरं, जाते. क्लास आहे."

मी मामांना हलवून उठवलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला होता. "मामा, तुमची मुलगी होती! आपण जिंकलो!"

ते डोळे चोळत माझ्याकडे बघत राहिले. "मंग मला उठवलं का न्हाई?"

"मॅच चालू होती मामा. तुम्ही लगेच मेला असता."

"मेलो असतो," ते म्हणाले. बस इंद्रायणीच्या पुलावर आली होती. "तिच्यासमोर मेलो असतो, तर काय झालं असतं?"

तिचं सगळं बोलणं त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. तीन हाकांचं तर तीनदा. मी कोणतं बटण दाबलं तेही सांगितलं. मग ते म्हणाले, "आज संध्याकाळी तिला खरं सांगतो."

मी हात जोडले. "नका सांगू मामा. उद्यापासून नीट शिकवतो. आठ दिवसांत तुम्ही खेळायला लागाल, तिला कळणारही नाही."

"म्हंजे रिजेक्ट पीसवर पासचा शिक्का मारून धाडायचा, व्हय?"

मोशीचा थांबा आला आणि ते उतरून गेले.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोच्या फोनवरून मुलीला सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं, "मग मी जे बोलले, ते कोणी ऐकलं?" आणि फोन ठेवला. रात्रीपर्यंत मामांचं नाव तिच्या गेममधल्या मैत्रीच्या यादीतून गेलेलं होतं. हे मला मामांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं, मापं घेता घेता, वर न बघता. मी म्हटलं, मी तिची माफी मागतो. ते म्हणाले, "आता तू मधी येऊ नको." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मामा त्यानंतर मागच्या सीटवर बसायला आले नाहीत. पुढे, चालकाच्या मागच्या खिडकीशी बसायचे. मला वाटलं, झोपत असतील. आठवड्याभराने उतरताना बघितलं, तर त्यांच्या हातात फोन होता. जुनी आयडी त्यांनी पुसून टाकली होती. नवी काढली होती, सगळ्यात खालच्या रँकची. मी म्हटलं, "मामा, मी येऊ का तुमच्या टीममध्ये?"

"नको गुरुजी. माझं मला मरू दे."

मी अजूनही नव्या भिडूंना शिकवतो. शिकवताना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतो. पोरं हसतात, म्हणतात, "भावा, थंडी वाजते का?" काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

परवा बस पुन्हा कुरुळीला अडकली. मामा उठून मागे आले. चष्मा कपाळावर.

"जखमी माणसाला उठवायचं बटण कुठलं रं? मला घावंना."

त्यांनी फोन पुढे केला. सवयीने माझा हात निघाला आणि अर्ध्यावर थांबला. मामांनीही फोन जरा मागे घेतला.

"तो पडला की त्याच्या जवळ जायचं," मी म्हटलं. "मग पडद्याच्या मधोमध हाताचं चित्र येतं. त्यावर बोट ठेवायचं. पण बोट उचलायचं नाही, तो उठेपर्यंत तिथेच थांबायचं."

"गोळ्या लागल्या तरी?"

"लागल्या तरी."

त्यांनी मान हलवली. फोन खिशात ठेवण्याआधी त्यांनी मैत्रीची यादी उघडून पाहिली, तेव्हा ती मलाही दिसली. यादीत एकच नाव होतं, मुलीचं. त्याच्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, विनंती पाठवली आहे.