तुमच्याकडे मशीन किती?

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो. एकच काम वर्षभर रेंगाळलं की ते आपोआप साठतात. आमचं काम होतं क्लाउड कंपनी निवडायचं. मी पार दमले, पण किश्श्यांना तोटा नाही!

रत्नागिरीजवळ आमचा आंब्याचा पल्प डब्यात भरायचा कारखाना. मी तिथली कॉम्प्युटरवाली मॅडम. सर्व्हर रूममध्ये दोन म्हातारे सर्व्हर आणि त्यांच्या पोटात चौदा व्हर्च्युअल मशीन. म्हणजे कॉम्प्युटर नुसते नावाचे, पण कामं खरी: स्टोअर, लॅब, डिस्पॅच, हजेरी. सर्व्हरचे पार्ट मिळेनासे झाले, म्हणून ही चौदा बिऱ्हाडं भाड्याच्या क्लाउडवर हलवायची होती.

त्या खोलीचे राखणदार इसाकभाई. जवळच्याच नाटे गावचे. तरुणपणी जहाजावर इंजिनरूममध्ये होते, मग इथे आले. एसी, यूपीएस, जनरेटर, सगळं तेच बघतात. पहिल्या मीटिंगनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, खोली गेली की माझा काय?"

मी शेठना विचारलं. शेठ म्हणाले, "बघू." वर्षभर तेवढंच म्हणत राहिले.

*

पहिल्या कंपनीने एक्सेल पाठवलं. तुमच्याकडे मशीन किती? हलवता येतील का? किती वेळ बंद ठेवता येतील?

मी तापाने घरी. फाइल गेली प्रॉडक्शनच्या सावंतांकडे. त्यांनी इमानेइतबारे भरली. पल्पर एक, डबे सील करायचं मशीन दोन, बॉयलर एक. "हलवता येतील का?"पुढे लिहिलं, "नाही. फाउंडेशनला बोल्ट आहेत." "किती वेळ बंद?"पुढे, "मे महिन्यात विचारूसुद्धा नका."

चार दिवसांनी मला पुण्याहून फोन. "मॅडम, तुमचा बॉयलर कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो?"

*

त्याच कंपनीचा माणूस मग प्रत्यक्ष आला. शेठनी विचारलं, "हे तुमचं क्लाउड असतं कुठे?"

"मुंबईत, सर."

"मग एवढ्या मीटिंगा कशाला? आंब्याची गाडी रोज जाते. पेंढा घालून पाठवतो दोन्ही सर्व्हर!"

तो हसला. शेठ हसले नाहीत. संध्याकाळी स्टोअरकीपर मला विचारायला आला, पेट्या केवढ्या लागतील म्हणून.

*

दुसऱ्या कंपनीचा डेमो. पोरगा हुशार, टाय बांधून आलेला. "आमची सर्व्हिस कधीच बंद पडत नाही," असं तो म्हणतोय तोच रस्त्याच्या कामाला आलेल्या जेसीबीने आमची केबल तोडली. इंटरनेट गेलं.

पोरगा घाईघाईने म्हणाला, "सर, आमचं चालू आहे हां!"

"असेल हो," शेठ म्हणाले, "पण आम्ही बंद आहोत ना!"

*

प्रत्येक कंपनीच्या माणसाला इसाकभाई चहा द्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. "तुमच्याकडे खोलीत माणूस कोण बसतो?"

तिसऱ्या कंपनीचा माणूस अभिमानाने म्हणाला, "तसं बसून कोणी नसतं, चाचा. सगळं ऑटोमॅटिक!"

"मग पाणी शिरलं तर ओरडतो कोण?"

त्याने लॅपटॉप उघडला, मिटला. इसाकभाई कप उचलून निघून गेले. मला फार वाईट वाटलं, पण मी तरी काय सांगणार होते?

*

शेवटी मी तिन्ही कंपन्यांचा तक्ता केला. तीन आठवडे डोळे फोडले. शेठनी तो उलटा धरला आणि विचारलं, "फरक काय ते एका वाक्यात सांगा."

मी म्हटलं, "पहिले दोघे म्हणतात, सगळं सॉफ्टवेअर नव्याने लिहा, मग या. तिसरा म्हणतो, आहे तसं घेऊन या."

"आहे तसं? काही न बदलता?"

"हो."

"मग तोच. अहो, लग्नातसुद्धा एवढं कोणी कबूल करत नाही!"

संपली निवड. तीन आठवड्यांचा तक्ता गेला रद्दीत.

*

आंब्याचा सीझन सुरू व्हायच्या आत सगळं हलवलं. चौदाच्या चौदा क्लाउडवर चढली. मग शेवटची परीक्षा: सकाळी अकराला इसाकभाई जुने सर्व्हर बंद करणार आणि आम्ही मीटिंग रूममध्ये बघणार, कारखाना चालतो की नाही.

अकरा वाजले. सगळे श्वास रोखून पडद्याकडे. स्टोअर चालू. लॅब चालू. डिस्पॅचची चिठ्ठी निघाली. सव्वाअकराला टाळ्या! वर्षभरात पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. सावंतांनी चक्क माझ्याशी हात मिळवला. पेढ्यांचा बॉक्स फुटला.

"बघा मॅडम!" शेठ म्हणाले. "जुनं बंद झालं, तरी कुणाचं काही अडलं नाही!"

इसाकभाई दारात येऊन उभे होते. शेठनी हाक मारली, "ये इसाक, पेढा घे. बंद करताना त्रास नाही ना झाला?"

इसाकभाईंनी पेढा घेतला नाही.

"शेठ, अजून बंद नाय केलंय. तुमच्यातलं कोणीतरी या नि करा. माझा हात नाय होत."