सुमन सिस्टर आणि माझा अर्धा जोक

आख्ख्या मावळात माझ्याएवढा हसवणारा गडी न्हाई. मी मराया लागलो तवासुदिक वॉर्ड हसतच व्हता. ह्यो मरतोय, हे कळलं ते एकट्या सुमन सिस्टरला.

बाई उर्से गावची. लोणावळ्यातल्या त्या बारक्या दवाखान्यात आली की आधी खाटंच्या पायथ्याशी गप उभी ऱ्हायची, छातीवर टाचलेल्या उलट्या घड्याळात बघत. मला वाटायचं, ड्युटी सुटायची वाट बघतिया. ती माझे श्वास मोजत व्हती, पुरतं एक मिनिट. मी मधीच बोललो की म्हणायची, "थांबा भाऊ, परत पहिल्यापासून." मी मुद्दाम बोलायचो. एकदा तिनं पाच वेळा मोजलं, पर अंदाजानं आकडा लिवला न्हाई.

मला न्युमोनिया झालता. शेजारची खाट सकाळीच रिकामी झालती, गादी गुंडाळून ठेवलेली. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. दुपारी डॉक्टरनी औषध बदललं. सिस्टर बाटली घेऊन आली.

"भाऊ, कुठल्या औषधाचा कधी त्रास झालाय? अंगावर उठलं, सूज आली?"

"बायकूच्या बोलण्यानं रोज सूज येती."

वॉर्ड हसला. ती न्हाई. "आठवून सांगा."

"आपल्याला काय बी पचतं. खिळं द्या."

तिनं हातावर थोडं टोचून बघितलं. काय उठलं न्हाई. मग सलाईन हळू सोडलं आन तितंच उभी ऱ्हायली.

"जावा की, बाकीचे खोळंबल्यात."

"पहिली पंधरा मिनिटं मी इथून हलत नाही."

तळहात खाजाया लागलं. मी म्हणलं, "सिस्टर, आमच्या गावात एक..." पुढं शब्द निघंना. "एक..." लोकं पोट धरून हसली. वाटलं, नक्कल करतोय.

तिनं तवर सलाईन बंद केलं व्हतं. दुसऱ्या नर्सला म्हणाली, "भाऊंचा जोक अर्धा राहत नाही कधी. ट्रे आण. ऑक्सिजन लाव." डॉक्टर भुशी धरणाच्या वाटंवर, गाड्यांच्या गर्दीत अडकलेलं. सिस्टरनं त्यांचा फोन कानाला धरूनच माझ्या मांडीत सुई मारली. हसणारी लोकं खाटंवर उठून बसली. माझाच श्वास मला शिट्टीवानी ऐकू येत व्हता. आन ती घड्याळात बघत त्योबी मोजत व्हती.

तवर माझी मंडळी चहा घिऊन वर आली. मला बघून ओरडली, "अवो, भोपळ्याची गोष्ट सांगितली न्हाई का सिस्टरला?"

मागं गावात असंच इंजेक्शन घेतलं आन माझं तोंड भोपळ्याएवढं सुजलं. ती गोष्ट मी पारावर, लग्नात, मयतीतसुदिक सांगून लोकं हसवल्यात. फकस्त जिनं विचारलं, तिलाच सांगितली न्हाई.

परवा सिस्टर तुंगार्लीच्या चढावर दिसली. रिटायर झालीय. म्हणलं, "वळाकलं का? वॉर्ड हसवणारा!"

तिनं आधी माझ्या छातीकडं बघितलं. सवयच ती. मग म्हणाली, "औषध कुठलं चालत नाही तुम्हाला?"

"पेनिसिलिन," मी शाळंतल्या पोरावानी सांगितलं.

"हं. एवढंच विचारलं होतं तेव्हा."