नवा लॅपटॉप जुना करून आणला

आमचा जुना कॉम्प्युटर होळीच्या सुमारास गेला. गेला म्हणजे, बटण दाबलं की आतला पंखा घरघरायचा आणि पडदा काळाच राहायचा. लखनौत आलमबागच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याच्यावर एकच काम चालायचं, आमचे हे त्यावर पत्ते खेळायचे. सिस्टमबरोबर फुकट येणारा, आठ पायांच्या कोळ्याचं चित्र असलेला तो एकट्याने खेळायचा डाव.

ह्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून उजवा हात मंद झाला होता. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला रबरी बॉल दिला, तर म्हणाले, "मी काय कुत्रा आहे?" खरे पत्ते बोटांत धरता येत नव्हते. पण माऊस धरून एक पत्ता उचलायचा, ओढत नेऊन दुसऱ्यावर ठेवायचा, हे मात्र ते तासन्‌तास करायचे. हात हळूहळू सुटायला लागला होता. बाई म्हणाल्या, हेच चालू ठेवा, थांबलात तर पुन्हा आखडेल.

म्हणून कॉम्प्युटर बंद पडल्यावर मुलगा गोमती नगरहून तातडीने नवा लॅपटॉप घेऊन आला. पातळ, चकचकीत. त्यावरही तो डाव होता, पण तो खेळ नव्हता, बाजार होता. दोन पत्ते हलवले की मध्येच एखादी मुलगी येऊन मोठ्याने शाम्पू विकायची. तिला घालवायची फुली मोहरीच्या दाण्याएवढी. ह्यांचा हात थरथरला की फुलीऐवजी मुलीवरच पडायचा, आणि मग शाम्पूचं सगळं दुकान उघडायचं. एकदा तर ह्यांनी शेरवानी जवळजवळ मागवलीच होती.

"अहो, घ्या की," मी म्हटलं, "पुन्हा लग्न करू."

हसले नाहीत. डाव्या हाताने झाकण मिटलं आणि म्हणाले, "डोळे दुखतात." त्यानंतर लॅपटॉपला हात लावला नाही. उजवा हात मांडीवर ठेवून बाल्कनीतून मेट्रो बघत बसायला लागले. दोन आठवड्यांनी बाईंनी ह्यांची बोटं उघडून पाहिली, ती पुन्हा आखडायला लागली होती. तेव्हा मी ठरवलं, ह्या लॅपटॉपमध्ये जुनी सिस्टम घालून आणायची. जुनी सिस्टम म्हणजे जुना डाव.

मुलाला फोन केला. तो आमच्याशी अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलतो.

"आई, लोग पुराना देके नया लेते हैं. तू उलटंच काय करतेस? वॉरंटी जाईल. आणि त्या सिस्टमला आता सिक्युरिटी नाही. कोणीही आत घुसेल."

"इंटरनेट लावणारच नाही. घुसणार कुठून, खिडकीतून?"

"यार आई," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचं "यार आई" म्हणजे परवानगी, असं मी धरून चालते.

इथे एक सांगायला हवं. तरुणपणी मी ह्याच्या अगदी उलट होते. लखनौतल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होते, आणि संस्थेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा शिकायला सगळ्यांत आधी माझंच नाव. ए.सी.च्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. मी तर पायही धुऊन जायची. कॉम्प्युटरचं जाडजूड पुस्तक सब्जीच्या पिशवीत अशा बेताने ठेवायची की दुधी आत आणि पुस्तकाचं नाव बाहेर. नवीन काहीही आलं की ते आधी मला हवं. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याचं जे हत्यार त्याची पूजा करतात. माझं हत्यार कॉम्प्युटर. तेव्हा घरून हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल घेऊन गेले आणि ह्याचं कपाळ कुठे, तोंड कुठे, म्हणून शोधायला लागले. फ्लॉपी घालायची फट दिसली. तेच तोंड, असं ठरवून तिथे चांगलं बोटभर कुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी साहेबांनी फ्लॉपी घातली, ती आत जाताना करकरली आणि बाहेर आली ती सौभाग्यवती होऊन. दुरुस्तीवाल्याने आतून तांदूळ काढला तेव्हा सबंध खात्याला कळलं, कारण खात्यात मराठी बाई एकच होती. बाईसाहेबांनी वर साहेबांना ऐकवलं, "आमच्याकडे असंच करतात." तरुणपणीच्या त्या बाईने मला आज जुनी सिस्टम मागताना पाहिलं असतं तर नाक मुरडून म्हणाली असती, म्हातारी झाली बिचारी.

तर ती बिचारी म्हातारी लॅपटॉप घेऊन ई-रिक्षात बसली. बाजारातल्या दुकानदाराने आधी ऐकूनच घेतलं नाही.

"माताजी, नए में पुराना सिस्टम नखरे करेगा. कुछ चलेगा, कुछ नहीं."

"मुझे सिर्फ पत्ते और माउस चाहिए, भैया."

"ताश तो मोबाइल पे भी है."

"मोबाइल पे हाथ नहीं चलता, उँगली चलती है. मुझे उनका हाथ चलाना है."

तो थोडा विरघळला असावा. उद्या या, म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेले तर सिस्टम खरंच बसली होती. तोच जुना निळा पडदा, तोच कोळी. वायफाय बंद, ते मला हवंच होतं. आवाज बंद, उत्तम. पण माऊस लावला तर बाण जागचा हलेना.

"यही तो बोला था. माउस नहीं पकड़ रहा," दुकानदार म्हणाला. "कीबोर्ड से चला लीजिए."

माऊस हलणार नसेल तर सगळी यातायात कशासाठी केली होती? मी त्याच्याकडचं स्टूल ओढलं आणि दुकानाच्या दारात बसले.

"माताजी, कल देखता हूँ."

"हाँ हाँ, देखो. मैं बैठी हूँ."

एक गिऱ्हाईक लॅपटॉप बघायला आलं. मी म्हटलं, "बेटा, देख के लेना. हमारे में माउस नहीं चला." ते गिऱ्हाईक गेलं. दुसरं आलं, त्यालाही प्रेमाने तेच सांगितलं. तिसरं दुकानाची पायरी चढत होतं तेव्हा दुकानदाराने हात जोडले.

"माताजी, आप चाय लीजिए. चुपचाप लीजिए."

चहा आला आणि तो कामाला लागला. लॅपटॉपला माऊस ओळखता यावा म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या सिस्टमला चालेल असा ड्रायव्हर त्याने आपल्या कॉम्प्युटरवर शोधला, पेन ड्राइव्हमधून आणून घातला. नाही चालला. दुसरा घातला. पडदा काळा झाला आणि त्याने हळूच माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्याले. तिसऱ्यावर बाण थरथरला आणि पडद्यावरून सरकत गेला. मी तिथेच उभ्याने एक पत्ता ओढून पाहिला. ओढला गेला.

"अब किसी को बोलिएगा मत कि यहाँ से करवाया," तो म्हणाला. "सब माताजी लोग आ जाएँगी."

घरी येऊन लॅपटॉप टेबलावर उघडला, माऊस उजव्या बाजूला ठेवला आणि ह्यांना काही न सांगता स्वयंपाकघरात कणीक मळायला गेले. बराच वेळ बाहेरून काही ऐकू येईना. मग खुर्ची सरकली. मग माऊसची टिकटिक. थांबत थांबत, मध्ये लांबलचक खंड. मी कणीक गरजेपेक्षा जास्त मळली.

हे रोज बसायला लागले. पहिले काही दिवस पत्ता वाटेतच सुटायचा आणि परत जागेवर जायचा. हे माऊसला शिव्या द्यायचे, मी माऊसची बाजू घ्यायची. डाव सगळ्यांत सोपा लावलेला होता, एकाच रंगाचा, नुसते इस्पिक. एक दिवस फिजिओच्या बाई आलेल्या असताना ह्यांनी तो पुरा केला. बाई कौतुकाने काही बोलणार, एवढ्यात हे मला म्हणाले,

"अगं, हा लहान मुलांचा झाला. दोन रंगांचा लाव."

"ते बदलायचं बटण फार बारीक आहे," मी म्हटलं. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही. तुम्हीच लावा."

चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. ह्यांनी तो पाहिला, मला एक खास नजर दिली आणि माऊस पुन्हा हातात घेतला. बाण बटणाच्या आजूबाजूला भटकला, पलीकडे गेला, मागे आला. बाई आणि मी दोन्ही बाजूंनी वाकून बघत होतो. मग टिक झालं, आणि पडद्यावर इस्पिकांच्या शेजारी लाल बदाम पडले.

"आता दोघी बाजूला व्हा," हे म्हणाले. "उजेड अडतोय."