कोरड्या भाताचा गोळा

"हात! हात घातलास तू गेस्टच्या तोंडात? तोही हातमोजा काढून?"

आमच्या रेस्टॉरंटचे मॅनेजर ओरडत होते, आणि चक्क मराठीत ओरडत होते. एरवी हा गृहस्थ इतका इंग्रजाळलेला की झोपेत कूस बदलतानाही गादीला 'एक्स्क्यूज मी' म्हणत असावा. पण त्या शुक्रवारी दुपारी त्यांची दादरची मराठी अशी उसळली की समुद्रावरच्या पुलावरून ती बहरीनहून थेट सौदीत पोचली असणार, आणि तिकडच्या कस्टमवाल्यांनी तिची बॅग उघडून पाहिली असणार. दोनशे माणसं जेवत होती, ती सगळी घास हातात धरून थांबली.

"सर, मोजा उष्ट्याचा होता," मी म्हटलं. "हातच स्वच्छ होता."

"वर तोंड करून बोलतोस? वेटरच्या यादीतून तुझं नाव कटलं! उद्याच्या विमानात बसवतो तुला!"

माझा पासपोर्ट त्यांच्याच ऑफिसातल्या तिजोरीत होता. त्यामुळे ही पोकळ धमकी नव्हती.

मनामातल्या त्या पंचतारांकित हॉटेलात मी तेव्हा दोन वर्षं बसर होतो. वेटर भरलेली प्लेट आणतो आणि पाहुण्याशी हसून बोलतो. बसर उष्टी प्लेट उचलतो आणि बोलत नाही. पाहुण्याने नाव विचारलं तरी मान लववून मागे सरकायचं, असा नियम होता. गावी मी पत्रात लिहिलं होतं, 'टेबलं सगळी माझ्या ताब्यात आहेत.' यात काही खोटं नव्हतं. माणसं उठून गेली की ती माझ्याच ताब्यात असायची. शिवाय आम्हाला पांढरेशुभ्र हातमोजे. सकाळी चढवले की रात्रीपर्यंत त्यांच्यावर बत्तीस देशांचा रस्सा वाळायचा, पण लांबून पांढरे दिसायचे, आणि मॅनेजर साहेबांना लांबूनच बघायची सवय होती.

त्या आठवड्यात बसरमधून दोघांना वेटर करणार होते. यादीत माझं नाव पहिलं होतं. मी ते साहेबांच्या टेबलावर उलटं वाचलं होतं. चार वेळा वाचलं, दर वेळी पहिलंच होतं.

आता त्या शुक्रवारचं ऐका. रिफाहून एक वयस्कर बहरीनी गृहस्थ दर शुक्रवारी मुलाला घेऊन जेवायला यायचे. माणूस असा भारदस्त की ते बसले की खुर्ची आधी देवाचं नाव घ्यायची. त्यांच्यासाठी हामूर मासा मागवला होता. आमचा युरोपियन शेफ छातीवर हात ठेवून सांगायचा की माझ्या माशात काटा सापडला तर मी स्वयंपाक सोडीन. काटा सापडला. शेफने स्वयंपाक सोडला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

म्हाताऱ्या बाबांनी घास घेतला आणि एकदम गळा धरला. डोळ्यांतून पाणी, चेहरा जांभळा. श्वास चालू होता, पण गिळवत नव्हतं आणि बोलवत नव्हतं. मुलगा उभा राहून अरबीत सगळ्यांना हाका मारू लागला. एका वेटरने पाणी आणलं, दुसऱ्याने लिंबाचं पाणी आणलं, तिसऱ्याने, बहुधा काहीतरी आणायचंच म्हणून, पुन्हा मेन्यूकार्ड आणलं. साहेब हॉटेलच्या डॉक्टरला फोन करायला धावले. डॉक्टर शुक्रवारची सुट्टी म्हणून झल्लाकच्या किनाऱ्यावर पोहत होता.

मी दोन पावलांवर, हातात उष्ट्या प्लेटांची चळत. आमच्या रत्नागिरीकडे घशात काटा अडकला तर चार वर्षांचं पोरही काय करायचं ते सांगेल. पाण्याने काही होत नाही. कोरड्या भाताचा गोळा करायचा आणि न चावता गिळायचा, काटा भाताबरोबर खाली जातो. आई असे गोळे भरवायची, आणि मासा खाताना बडबड केली म्हणून पाठीत एक धपाटाही द्यायची. बाबांच्या समोरच भाताचं भांडं होतं, वाफाळतं, कुणी चमचाही न घातलेलं. त्या दालनात मासा कळणारा मी एकटाच माणूस होतो, आणि मला बोलायची बंदी.

मी प्लेटा खाली ठेवल्या. मोजा ओढून काढला. भात घेतला, लिंबाएवढा गोळा वळला. "बाबा, चबाना नहीं, सीधा निगलो." दोन वर्षांत पाहुण्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. पहिल्या गोळ्याने नुसते डोळे फिरले. दुसऱ्याला गळ्यात काहीतरी हललं. तिसरा गेला आणि बाबांनी असा श्वास सोडला की समोरचे नॅपकिन उडाले.

नेमके तेव्हा साहेब फोनवरून परत आले. माझी बोटं अजून बाबांच्या ओठांपाशी होती.

मघाची ती ओरड इथली. पुढे ते म्हणाले, "कुठून कुठून येतात! जेवणाला हात लावतो!"

हात लावला. ही ओरड आमच्या घराण्याला नवी नाही. आजोबांनी ती पाणवठ्यावर ऐकली होती. वडिलांनी धम्म घेतला, मला शिकवलं, विमानात बसवलं, ते ही ओरड पुन्हा कानावर पडू नये म्हणून. आणि ती मला बहरीनमध्ये, काचेच्या झुंबराखाली, माझ्याच भाषेत ऐकावी लागली. शेफच्या काट्याला कुणी एक शब्द बोललं नाही. गुन्हेगार कोण, तर माझी पाच बोटं. आजही हे लिहिताना माझे कान तापतात.

साहेब बाबांपुढे कमरेत वाकले. इंग्रजीतून माफी, जेवण फुकट, या माणसाला उद्याच परत पाठवतो, सगळं एका दमात. बाबांनी मुलाचा हात बाजूला केला. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी ते मुंबईला येऊन जाऊन असत, त्यामुळे हिंदी मोडकी पण पक्की. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हाथ दिखाओ."

मी उघडा हात पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, जणू मोतीच पारखताहेत. मग साहेबांना म्हणाले, "साफ है. ये कहीं नहीं जाएगा. खलास." आणि उरलेला भात समोर ओढून, चमचा दूर सारून, हातानेच खाऊ लागले.

साहेब लगेच हसले. ते हसू इतकं रुंद होतं की कान आड आले नसते तर मागे जाऊन जुळलं असतं. विमान रद्द झालं हे मला कळलं. पण यादी? मी पँट्रीत त्यांना गाठलं. छाती अशी धडधडत होती की कपाटातले पेले किणकिणत होते.

"सर, बाबा खूश आहेत. मग वेटरच्या यादीत माझं नाव..."

साहेब आरशात टाय सरळ करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहा नंबरच्या टेबलावर उष्ट्या प्लेटा तशाच पडल्यात."