काकांनी पॉलिश केलेली शेवटची जोडी

माझ्या काकांनी विषारी औषध घेतलं नव्हतं.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर सगळे तेच म्हणत आले, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

आमच्याकडे तोंडाला फेस आलेला माणूस सापडला आणि जवळ फवारणीचा डबा दिसला, की पुढे कुणी काही विचारत नाही.
"काय कमी होतं हो त्यांना?" एवढंच म्हणतात.

देवगाव फाट्यावर काकांचं दुकान होतं. जुन्या स्पीकरच्या लाकडी पेट्या साफ करून, पॉलिश करून द्यायचे. आतलं मशीन दुसरे लोक बघायचे. काका फक्त लाकूड.

शाळेच्या सुट्टीत मी तिथेच बसलेली असायचे.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी कोरडा मऊ ब्रश. मग घट्ट पिळलेलं फडकं, तेही लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. उदबत्तीच्या धुराचा चिकट थर निघाला की एक दिवस सुकवायचं. मग जवसाचं तेल, अगदी पातळ.

शेवटचा हात तळव्याचा. बाह्या कोपराच्या वर सारून, तळवा गरम होईपर्यंत घासायचं.

"काका, हातमोजे घाला की."
"हातमोज्यानं चकाकी येती का गं माय? कॉलेजात हेच शिकवायलेत का तुला?"

कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकले. आता एका प्रयोगशाळेत भाजीपाल्यावर राहिलेलं कीटकनाशक मोजते.
हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मागच्या उन्हाळ्यात राणीसावरगावच्या एका निवृत्त गुरुजींनी सागवानी पेट्यांची जोडी पाठवली. मागच्या बाजूनं वाळवी लागलेली.

काकांचा फोन आला. "वाळवीला काय मारावं? नाव सांग."

मी नाव सांगितलं. किती पाण्यात किती टाकायचं, तेही व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. उत्तर बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

ते कशात कालवणार आणि कशानं लावणार, हे मी विचारलं नाही.

फाट्यावर ते मिळालं नाही. मग काकांनी आमच्या शेतातल्या आखाड्यावरून, म्हणजे अवजारांच्या खोपीतून, कपाशीवर मारायचं औषध नेलं. बाबांना म्हणाले, "त्याच जातीचं हाय. जरा कडक हाय, एवढंच."

सागवानाला पाणी लावणं त्यांना पटत नव्हतं. त्यांनी ते जवसाच्या तेलात कालवलं.

तेलातलं औषध कातडीतून लवकर आत जातं.

आठ दिवस. रोज एक हात. ओल्या तेलावर धूळ बसू नये म्हणून शटर खाली आणि पंखा बंद.

सहाव्या दिवशी त्यांनी व्हिडिओ कॉल केला. घामानं निथळत होते. सारखं रुमालानं तोंड पुसत होते.

"तिकडं आभाळ आलंय का गं? हितं लय अंधारून आल्यासारखं दिसायलंय."

दुपारचे बारा वाजले होते. शटर अर्धं वर केलेलं होतं. त्यांच्या मागचं पांढरं ऊन मला स्क्रीनवर दिसत होतं.

"नंबर वाढला असेल," मी म्हणाले. "डोळे तपासून घ्या."

घाम. लाळ. अंधुक दिसणं.
ही यादी मी परीक्षेत लिहिलेली आहे.

शेवटच्या सकाळी काका ताटावरून उठले. मळमळत होतं, पण बोलले नाहीत. काकूला वाटलं, रुसले. आठ दिवस घरात त्या तेलाचा वास, वर हा रुसवा. ती चिडून म्हणाली, "मरा मग त्या पेट्यातच."

दुपारी तिनंच शटर उघडलं.

तेराव्याला काकूनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "माझ्या जिभेनं गेले गं ते."

मी गप्प राहिले. त्याच सकाळी मी दुकानातली तेलाची वाटी हुंगून आले होते. मला कळलेलं होतं.

काही महिन्यांनी व्हिसेराचा अहवाल आला.
रक्तात आढळले. यकृतात आढळले. जठरात आढळले नाही.

पिलं असतं तर जठरात सापडलं असतं.

तो कागद घरात कुणी वाचला नाही. मी वाचला आणि घडी घालून ठेवला. समजावून सांगायचं, तर वाळवीच्या औषधाचं कुणाला विचारलं होतं, तेही सांगावं लागणार होतं.

काल गावी जाऊन काकूला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती. हात थांबले नाहीत.

"म्हंजे मी बोलले म्हणून न्हाई?"
"न्हाई, काकू. तुझं बोलणं त्या सकाळचं. औषध आठ दिवसांचं."

तिनं मूठभर दाणे सुपात टाकले.

"आन तुला हे कवापासून ठाऊक?"
"तेराव्यापासून."

तिनं सूप बाजूला सारलं.

"लिही मग. समद्यायला कळू दे. माझं बोलणं बी लिही, तुझं गप बसणं बी लिही."
मग म्हणाली, "आन आज मुक्कामाला थांबू नको."

मी शेवटच्या बसनं परत आले.

आता एक तातडीचं.

गुरुजींची ती जोडी दहाव्याच्या आधीच त्यांचा माणूस घेऊन गेला. पॉलिश फार सुंदर झालं, असा निरोपही आला होता. मी त्यांनाही काही कळवलं नाही.

वर्षभरात बरंचसं औषध विरलं असेल. सुकलेल्या तेलाच्या थरात किती उरलं, हे मोजल्याशिवाय मी सांगणार नाही.

आज सकाळपासून गुरुजींना चार वेळा फोन लावला. रिंग जाते. कुणी उचलत नाही.

राणीसावरगावचं कुणी हे वाचत असेल तर गुरुजींच्या घरी जाऊन सांगा. पेट्यांना उघडा हात लावू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका. लेकरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. मी नमुन्याच्या बाटल्या आणि हातमोजे घेऊन निघाले आहे.

काका, लिहायला वर्ष लावलं.
तुम्हाला नमस्कार.